मास्टर अकोल्याला कशाला जातात

चिंतामणराव सावदेकर अमरावतीच्या कोर्टात दिवाणी दावे चालवत आणि रविवारी फुटबॉलच्या मॅचला जात. पहिल्या गोष्टीचं घरात कौतुक होतं, दुसरीचं कोणालाच नव्हतं. वडील भिक्षुकी करणारे. कातड्याच्या चेंडूमागे धावणारी माणसं पाहण्यात आपल्या शिकल्यासवरल्या मुलाला काय गोडी वाटते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. चिंतामणरावांना हा नाद नागपूरला वकिली शिकताना लागला. तिथे स्वतः खेळायला गेले आणि पहिल्याच वर्षी खांद्याचं हाड मोडून परत आले. खेळणं तिथेच संपलं, पाहणं मात्र सुटलं नाही.

अमरावतीत इतवारा स्पोर्टिंग नावाचा क्लब होता. चिंतामणरावांचा शाळेपासूनचा मित्र अन्सार हा त्याचा सेक्रेटरी. अन्सार मोर्शीकडचे संत्र्याचे बगीचे घेई आणि माल बाहेरगावी पाठवी. क्लबातली निम्मी पोरं त्याच्याच गोदामात पेट्या ठोकत. टूर्नामेंटवाल्यांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायला कोणी तरी हवं म्हणून त्यानं चिंतामणरावांना कमिटीवर ओढलं होतं.

पंचावन्न सालची गोष्ट. आदल्या वर्षी वऱ्हाड शिल्डमध्ये अकोल्याच्या मोर्णा इलेव्हननं इतवाऱ्याला पाच गोलांनी धुतलं होतं. त्याची टिंगल कापडबाजारापासून कोर्टाच्या बाररूमपर्यंत झाली. तेव्हा अन्सार कामठीला गेला आणि बद्रुद्दीन मास्टरांना घेऊन आला. कामठीत फुटबॉल लहान लेकरांनाही येतो, असं अमरावतीत मानत. मास्टर पन्नाशीचे, उंच, हाडकुळे, एक खांदा जरा पडलेला. मॅच चालू असताना ते रेषेबाहेर उलट्या घमेल्यावर बसून राहत. ओरडत नसत. आपल्या टीमनं गोल केला तरी चेहरा तसाच, खाल्ला तरी तसाच.

चिंतामणरावांना पहिल्या दिवसापासून तो चेहरा आवडला नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असा चेहरा दिसला की ते उलटतपासणी लांबवत.

सीझन पोळ्यानंतर सुरू झाला आणि तो असा गेला की कोणाला काही अंदाज येईना. यवतमाळच्या टीमला इतवाऱ्यानं चार गोल मारले. गावभर पेढे वाटले गेले. पुढच्याच आठवड्यात मोर्शीच्या टीमनं, ज्यात एक तलाठी आणि दोन मास्तर खेळत होते, त्यांना हरवलं. मग नागपूरच्या एका तगड्या टीमशी त्यांनी अशी झुंज दिली की नागपूरचे लोक स्टेशनवर येऊन हात मिळवून गेले. त्यानंतर खामगावला पुन्हा हार. प्रत्येक मॅचला मास्टर टीम बदलत. कोणाला पुढून मागे नेत, कोणाला बसवून ठेवत. कारण विचारलं तर म्हणत, देखेंगे.

सगळ्यात जास्त फिरवाफिरव उद्धवची झाली. उद्धव तिवशाजवळच्या एका खेड्यातला. दिवाळीनंतर जिनिंग फॅक्टरीत रुईच्या गाठी उचलायचा, एरवी मिळेल ते काम करायचा. डाव्या बाजूनं अनवाणी धावत निघाला की समोरचे बूटवाले बॅक आपल्याच पायात पाय अडकवून पडत. चिंतामणरावांचा तो लाडका. घरी जेवताना ते उद्धवच्या पायाबद्दल इतकं बोलत, की एकदा विमलताई म्हणाल्या, आपल्या पोरी कोणत्या इयत्तेत आहेत ते सांगा पाहू. त्यांना सांगता आलं, पण जरा थांबून.

मास्टरांनी आल्या आल्या उद्धवच्या पायात बूट घातले. आता मोठ्या टूर्नामेंटमध्ये अनवाणी खेळू देत नाहीत, आणि शिल्डवालेही यंदा देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण बूट घातल्यापासून उद्धवचे निम्मे फटके आकाशात जाऊ लागले, हेही खरं होतं. चांगल्या घोड्याला मुद्दाम खोटा नाल मारावा तसं हे चाललंय, असं चिंतामणरावांच्या मनात आलं, आणि एकदा आलेली शंका काही केल्या जाईना.

अशात दिवाळीपूर्वी जानराव नावाचे एक पक्षकार त्यांच्याकडे आले. अकोल्याकडचे शेतकरी, बांधाच्या भांडणात अडकलेले. कामाचं बोलणं झाल्यावर पान लावता लावता सहज म्हणाले, "तुमचा थो कामठीवाला मास्टर आमच्या खुशालरावाच्या बंगल्यावर लय दिसते."

खुशालराव म्हणजे अकोल्याचे तेलाच्या मिलचे मालक, आणि मोर्णा इलेव्हनचा सगळा भार उचलणारे गृहस्थ.

चिंतामणरावांनी पुन्हा विचारलं. जानरावांनी सांगितलं की त्यांचा जावई खुशालरावांच्या मिलमध्ये आहे, त्यानं स्वतः पाहिलंय, एकदा नाही, बरेचदा. मास्टर मॅचनंतर सोमवारी येतात, ओसरीवर बसतात, दुपारच्या गाडीनं परत जातात.

त्या दिवसापासून चिंतामणरावांनी सगळा सीझन मनात पुन्हा पाहायला घेतला. मोर्शीला गोलकीपर का बदलला होता? खामगावला शेवटच्या वेळी सगळे पुढे का पाठवले? हरलेली प्रत्येक मॅच आता निराळी दिसू लागली. जिंकलेल्या मॅचही दिसल्या, पण त्या तर झाकण्यासाठी जिंकाव्याच लागतात, असं त्यांचं वकिली मन सांगे.

दिवाळीनंतर लीगची मॅच अकोल्याला झाली, मोर्णा इलेव्हनशीच. मास्टरांनी उद्धवला खेळवलंच नाही. पाय दुखावलाय म्हणाले. इतवारा एका गोलानं हरला. मॅच संपल्यावर परतीच्या मोटारीकडे जाताना चिंतामणरावांनी पाहिलं, उद्धव मोटारीच्या मागच्या शिडीवरून टपावर चढला आणि पोरांच्या ट्रंका वर ओढून घेऊ लागला. दुखऱ्या पायाची काही खूण त्यांना दिसली नाही. ते उद्धवला काही बोलले नाहीत. मास्टर पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये कमलाकांत वकिलांनी विषय काढला. मॅच कशी हरली ते ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाले की यात नवल ते काय, ती माणसं आतून सगळी एकच असतात. चिंतामणरावांचा आवाज एकदम थंड झाला. त्यांनी शांतपणे सांगितलं की मोर्णा इलेव्हन ज्यांच्या जिवावर चालते ते खुशालराव दर नवरात्रात देवीला अनवाणी येणारे आहेत, तेव्हा एक कोण आणि दोन कोण ते जरा नीट ठरवा. मग चहा अर्धा टाकून उठले. पण घरी जाताना एक प्रश्न त्यांना छळत राहिला. कामठीच्या बद्रुद्दीनच्या जागी सदाशिव पेठेतून एखादा जोशी आला असता, तर आपण एवढी टिपणं मनात धरली असती का? धरली असती, असं उत्तर त्यांनी स्वतःला दिलं. ते फार लवकर दिलं, हेही त्यांच्या लक्षात आलं.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. विमलताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मग त्यांना सरळ विचारा ना."

"विचारून कोण खरं सांगतो?"

"मग कोर्टात रोज कशाला विचारता?"

चिंतामणरावांनी कोट खुंटीला अडकवला. विचारण्याआधी पुरावा हातात असावा, ही त्यांची रीत. त्यांनी अकोल्याच्या कोर्टातलं एक काम, जे कारकुनाकडूनही झालं असतं, स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढच्या सोमवारी बडनेऱ्याला गाडी बदलली. मास्टर त्याच गाडीत, दोन डबे पुढे होते. अकोल्याला ते उतरून पायीच निघाले. चिंतामणरावांनी टांगा केला आणि जठारपेठेत खुशालरावांच्या बंगल्यासमोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले.

थोड्या वेळानं मास्टर आले. फाटक उघडून आत गेले, जसा माणूस ओळखीच्या घरी जातो तसे. ओसरीवर खुशालराव झोपाळ्यावर बसले होते. बोलणं ऐकू येत नव्हतं, मागे मिलची घरघर चालू होती. खुशालराव हसले. मास्टर हसले नाहीत. बोलता बोलता मास्टरांनी हात जोडले. खुशालरावांनी उठून त्यांच्या पडलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. चिंतामणरावांना एवढं पुरेसं होतं. मागणाऱ्यानं मागितलं आणि देणाऱ्यानं कबूल केलं, हे दुरूनही कळत होतं. काय मागितलं ते तेवढं कळायचं राहिलं होतं, आणि ते कळल्यासारखंच होतं.

कोर्टातलं काम उरकून ते स्टेशनवर आले, तर फलाटावरच्या बाकावर मास्टर बसलेले. आता तोंड चुकवणं शक्य नव्हतं. मास्टरांनी सलाम केला, बाजूला सरकून जागा दिली.

"कोर्टाचं काम झालं, वकीलसाहब?"

"झालं. तुमचं?"

"थोडं झालं, थोडं बाकी आहे."

गाडीत दोघं समोरासमोर बसले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, पण बोलणं तेवढंच. मास्टर मध्येमध्ये आपल्याकडे पाहतात आणि आपण पाहिलं की खिडकीबाहेर बघतात, असं चिंतामणरावांना वाटलं. अपराधी माणूस असाच पाहतो, असं ते स्वतःशी म्हणाले.

शिल्डच्या सेमीफायनलला इतवाऱ्यानं सगळ्यांना चकित केलं. ज्या टीमपुढे खामगावला नांगी टाकली होती, तिलाच तीन गोल मारले. उद्धवनं बूट घालून दोन मारले. गावात मास्टरांची वाहवा झाली. फायनल अमरावतीतच, कॅम्पातल्या मैदानावर, आणि समोर अर्थातच मोर्णा इलेव्हन. दोन दिवसांनी मास्टरांनी टीम सांगितली. तीत उद्धवचं नाव नव्हतं.

चिंतामणरावांनी कमिटीची बैठक बोलावली. ती अन्सारच्या गोदामात भरली. पेट्यांवर पेट्या रचलेल्या, संत्र्यांचा वास भरून राहिलेला. चिंतामणराव उभे राहिले आणि कोर्टात मांडतात तसं सगळं ओळीनं मांडलं. सोमवारच्या फेऱ्या, ओसरी, जोडलेले हात, न दुखणारा पाय, आणि आता हे. त्यांनी आरोप असा एकही केला नाही. फक्त विचारलं, "मास्टरसाहेब, तुम्ही अकोल्याला कशाला जाता?"

सगळ्यांनी मास्टरांकडे पाहिलं. मास्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जातो," ते म्हणाले. "खुशालरावांकडेच जातो. काम माझं नाही. ज्याचं आहे त्याला मी जबान दिली आहे. फायनल होऊ द्या, मी स्वतः येऊन सांगतो."

"फायनल झाल्यावर सांगून काय उपयोग?"

कमिटीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, आत्ताच काढून टाका. कोणी म्हणालं, फायनलच्या तोंडावर टीम सांभाळणार कोण. शेवटी चिंतामणरावांनीच तोडगा सुचवला. मास्टर राहू देत, पण उद्धव खेळला पाहिजे. त्यांचा हेतू स्वच्छ असेल तर त्यांना यात अडचण नसावी. हात वर झाले. मास्टर एवढंच म्हणाले की तुम्ही लोक चूक करत आहात, आणि टोपी घालून निघून गेले.

सगळे गेल्यावर अन्सारनं गोदामाचं दार अर्धं लावलं. तो इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता.

"मास्टरले मी आणलं, चिंतामण. तू महिनाभर हे मनात ठेवलं, मले कावून नाई सांगतलं? माझ्यावर बी शक होता का तुले?"

चिंतामणराव लगेच नाही म्हणू शकले असते. पण ते उत्तर देण्याआधी क्षणभर थांबले. महिनाभरात एकदा तरी तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, आणि खोटं बोलण्याआधी ते नेहमी थांबत. अन्सारला ते थांबणंच पुरलं. त्यानं कुलूप हातात घेतलं आणि दारापाशी उभा राहिला, म्हणजे आता निघायचं.

फायनलला थंडी होती तरी मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. झाडांवर, भिंतींवर, बैलगाड्यांवर लोक. खुशालराव अकोल्याहून मोटारीनं आले आणि मानाच्या खुर्च्यांत, गोलपोस्टच्या अंगाला बसले. मास्टर नेहमीप्रमाणे घमेल्यावर. उद्धव उतरला तेव्हा सगळं मैदान ओरडलं. त्यानं प्रेक्षकांकडे मान वर करून पाहिलं नाही. बुटाची नाडी बांधत राहिला.

पहिला गोल मोर्णानं केला. हाफटाइमनंतर इतवाऱ्यानं फेडला. चिंतामणराव खेळ पाहत नव्हते, माणसं पाहत होते. मास्टर कोणाला खूण करतात का? गोलकीपर मुद्दाम उशिरा उडी मारतो का? बाजूला अन्सार नव्हता, तो दूर तंबूपाशी उभा होता. बरोबरीचा गोल झाला तेव्हा आनंद होण्याआधी त्यांनी मास्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि परत वळले तोवर मैदानातला नाच संपला होता.

खेळ संपायला थोडा वेळ उरला असताना उद्धव सुटला. डाव्या बाजूनं एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आत वळला. गोलकीपर पुढे धावला आणि घसरून पडला. समोर उघडा गोल. लोक आधीच उभे राहून ओरडू लागले होते. उद्धवनं पाय उचलला, आणि त्या एका क्षणी, चिंतामणरावांना शपथेवर सांगता आलं असतं, त्यानं गोलकडे नाही तर गोलच्या बाजूला पाहिलं. चेंडू बारवरून गेला, पार मागच्या चिंचेपर्यंत.

उभे राहिलेले लोक खाली बसले. त्यानंतर मोर्णानं शेवटच्या मिनिटांत कॉर्नरवरून दुसरा गोल घातला आणि शिल्ड अकोल्याला गेली.

लोकांनी शिव्या मास्टरांना दिल्या. कोणी ढेकूळही फेकलं, ते घमेल्यावर आपटलं. उद्धवला कोणी काही म्हटलं नाही. उलट दोघातिघांनी त्याला खांद्यावर हात ठेवून समजावलं. तो मान खाली घालून कपड्यांच्या ट्रंकेपाशी बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर चिंतामणरावांच्या घरी आले. बाहेरच्या खोलीत पक्षकार बसत, तिथे बसले. आतून वडिलांचा खोकला ऐकू आला. विमलताई स्वतः चहा घेऊन आल्या, घरातल्याच कपात, आणि मास्टरांना साखर पुरेशी आहे का विचारून आत गेल्या.

मास्टरांनी सांगितलं ते असं. जिनिंगचं काम वर्षातले चार महिने. उद्धवची आई गावात एकटी, भावकीनं घराचा अर्धा भाग बळकावलेला. सीझनच्या सुरुवातीलाच खुशालरावांचा माणूस उद्धवला भेटला होता. मिलमध्ये कायमची नोकरी, राहायला खोली, आईला घेऊन ये. अट एकच, मोर्णाकडून खेळायचं, आणि आत्ताच यायचं. इतवाऱ्यात त्याला टाळ्या मिळत होत्या, त्यापलीकडे त्याच्यासाठी कोणी काही पाहिलं नव्हतं. उद्धवनं हे फक्त मास्टरांना सांगितलं. मास्टर खुशालरावांकडे गेले, पुन्हा पुन्हा गेले, आणि हात जोडून एवढंच मागितलं की नोकरी राखून ठेवा, पोराला सीझन पुरा करू द्या. शेवटी खुशालराव कबूल झाले. मोर्णाविरुद्ध त्याला उतरवायचं नाही, हे मास्टरांनी स्वतःच ठरवलं होतं. उद्या ज्याच्या दारात उभं राहायचं त्याच्याविरुद्ध आज गोल मारायला कोणाला लावू नये, असं त्यांना वाटलं.

"मला एकट्याला तरी सांगायचं होतं," चिंतामणराव म्हणाले.

"सोचा था. त्या दिवशी अकोल्याला सांगणारच होतो." मास्टरांनी कप खाली ठेवला. "पण खुशालरावांच्या फाटकातून बाहेर आलो, तर आप समोर दुकानात बसलेले. मला वाटलं, मी गेल्यावर आत आपण जाणार. कमिटीचा माणूस, वकील, अकोल्यात मोर्णाच्या मालकाच्या दारात छुपके बसतो, का बसतो? गाडीत पूर्ण रस्ता मी हाच विचार करत होतो."

चिंतामणरावांना पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काही तरी दिसलं, पण ते हसू होतं की थकवा, हे त्यांना ओळखता आलं नाही.

त्यांनी शेवटी विचारलं, जे त्यांना रात्रभर झोपू देत नव्हतं. उद्धवनं तो फटका मुद्दाम वर मारला का?

"ते मला विचारू नका," मास्टर म्हणाले. "हे कोणाला विचारायची पाळी येऊ नये, म्हणूनच तर त्याला बसवत होतो."

संक्रांतीनंतर जानरावांच्या दाव्यासाठी चिंतामणराव अकोल्याला गेले. या वेळी काम खरंच होतं. ते संपल्यावर ते खुशालरावांच्या मिलवर गेले. उद्धव सरकीची पोती मोजून घेत होता. अंगावर मिलची खाकी बंडी. त्यांना पाहून तो घाबरल्यासारखा झाला, मग हात पुसत बाहेर आला. फाटकाबाहेर निंबाखाली दोघं उभे राहिले. आई आली का, खोली कशी आहे, हे विचारून झालं.

"वकीलसाहेब, तुमी जे इचाराले आले थे इचारा."

चिंतामणरावांनी विचारलं.

उद्धवनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. तो अनवाणीच होता. "गोल समोर दिसला. खुर्चीवर खुशालरावजी बसून व्हते, थे बी दिसले. पाय तं मी बरोबर उचलला व्हता. मंग बॉल वरतून गेला." तो थांबला. "लोकं मले म्हणते, बूट. मी बी तेच सांगतो. पण खरं सांगू का, मले बी नाई समजलं. रोज पाहून राहिलो मी थो बॉल. कधी वाटते पायानं केलं, कधी वाटते मीच केलं. तुमाले काय वाटते? तुमी पाहून राहिले व्हते."

चिंतामणरावांनी आयुष्यभर लोकांच्या वागण्याचे हेतू शोधून काढले होते आणि न्यायाधीशापुढे ठासून सांगितले होते. त्या वळलेल्या नजरेची तर ते शपथ घ्यायला तयार होते. उद्धव त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"बूटच," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

उद्धवनं मान हलवली. त्याचा विश्वास बसला असं काही दिसलं नाही. पण एक माणूस आपल्यासाठी एवढं बोलला, याचं त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. मिलचा भोंगा झाला आणि तो आत गेला.

मास्टरांना ठेवायचं की नाही, यावर कमिटीत पुन्हा बैठक झाली, आणि त्यांच्या बाजूनं सगळ्यात जास्त वेळ चिंतामणराव बोलले. उद्धवची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ज्याची होती त्यानं ती गावात सांगितली नव्हती. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला काही आधार नव्हता, आणि कमलाकांत वकिलांनी बाररूममध्ये असंही पसरवलं की सावदेकरांनाही अकोल्याहून काही तरी पोचलेलं दिसतं. ते चिंतामणरावांच्या कानावर आलं. त्यांनी खुलासा केला नाही. खुलासा केल्यावर माणसं काय म्हणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मास्टर राहिले, पण टीम आपणच निवडणार हे त्यांनी आधी कमिटीकडून कबूल करून घेतलं.

अन्सारशी बोलणं सुरू झालं, तरी पहिल्यासारखं नाही. संत्र्याची करंडी दर मोसमात येई, पण आता ती गडी घेऊन येई.

पुढच्या वर्षी, वऱ्हाड मुंबई राज्यात गेल्यानंतरच्या थंडीत, अकोल्याला मॅच होती. चिंतामणराव गेले. अन्सारही आला होता, आणि बसायला जागा शोधताना दोघं एकाच बाकावर आले. उद्धव मोर्णाकडून खेळत होता, पायात बूट. अमरावतीहून आलेले लोक त्याला गद्दार म्हणून ओरडत होते. दुसऱ्या हाफमध्ये तो डाव्या बाजूनं आत शिरला आणि साधारण तेवढ्याच अंतरावरून, बूट घातलेल्या पायानं, चेंडू खाली जमिनीलगत गोलच्या कोपऱ्यात घातला. इतक्या सहज, की गोलकीपर हललाही नाही.

अन्सारनं चिंतामणरावांकडे पाहिलं. त्याला काय विचारायचं होतं ते त्यांना कळलं, आणि आपल्याही मनात तेच आलंय हे त्यालाही कळलं असावं. दोघंही पुढे मैदानाकडे पाहत राहिले.

मॅच संपल्यावर उद्धव घामाघूम तसाच त्यांच्याकडे आला. वाकून दोघांना नमस्कार केला. म्हणाला, आईनं भाकरी टाकल्या आहेत, घरी चला, गाडीले वेळ हाय. अन्सारनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, चला. तिघं मिलच्या चाळीकडे निघाले. वाटेत ज्वारीच्या भावाचं बोलणं झालं, मास्टरांना या थंडीत जडलेल्या खोकल्याचं झालं. उद्धव एक पाऊल पुढे चालत होता, नाड्यांनी एकत्र बांधलेले बूट खांद्यावर टाकून.